पाहुणे उशिरा आले, उशिरा निघाले तर?

होमस्टे चालवणाऱ्या यजमानांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'दुपारी चारला येतो म्हणालेले पाहुणे रात्री साडेअकराला आले, आम्ही जागत बसायचे का?' आणि 'अकराला खोली सोडायची होती, दीड वाजला तरी यांचे आवरणे चालूच, दारात पुढचे कुटुंब सामान घेऊन उभे. कोणाला काय सांगू?' गुहागर, मालवण, अलिबाग, काणकोण, गाव कुठलेही असो, प्रश्न हेच. हॉटेलात रात्रपाळीला वेगळा माणूस असतो. तुमच्याकडे रात्री दार उघडायला तुम्ही आणि सकाळी घावणे घालायलाही तुम्हीच.

त्यात भीड आडवी येते. घरी आलेल्या माणसाला 'आता निघा' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पण भिडेपोटी एका पाहुण्याला दिलेले दोन तास तुमच्या खिशातून नव्हे, पुढच्या पाहुण्याच्या वेळेतून जातात, आणि वाईट अभिप्राय तो पुढचा पाहुणा लिहितो. म्हणून वेळेचे नियम अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी लेखी कळवायचे. नंतर सवलत द्यायची की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरवायचे: त्या खोलीत आज दुसरे कोणी येणार आहे का? पुढचे सगळे या दोन गोष्टींवर उभे आहे.

आधी तुमची वेळ ठरवा

शेजारच्या होमस्टेची वेळ अकराची, म्हणून आपलीही अकराची, असे करू नका. हिशेब उलटा मांडा. चादरी-अभ्रे बदलणे, संडास-बाथरूम घासणे, केर-फरशी, गिझर आणि पंखे चालतात का ते पाहणे, विसरलेला चार्जर शोधून बाजूला ठेवणे, हे एका माणसाचे साधारण तासाभराचे काम आहे. तीन खोल्या आणि कामाला एकच मावशी असतील, तर तिसरी खोली तयार व्हायला तीन तास लागणार. मग सोडण्याची वेळ अकरा आणि येण्याची वेळ बारा ठेवून कसे चालेल? अशा घराने सकाळी दहा आणि दुपारी एक ही जोडी धरावी.

पावसाळ्यात आणखी वेळ धरा. बाथरूम वाळत नाही आणि चादरी दोन-दोन दिवस दांडीवर दमट राहतात. दर पलंगामागे चादरींचे निदान तीन जोड असतील तरच जून ते सप्टेंबरमध्ये त्याच दिवशी खोली फिरवता येते. तेवढे जोड नसतील तर दोन बुकिंगमध्ये एक दिवस रिकामा सोडा.

येण्याच्या वेळेला शेवटही हवा. 'दुपारी 1 नंतर कधीही' असे लिहिले, की रात्रीचे दोनही त्यात बसतात. 'दुपारी 1 ते रात्री 9. त्यानंतर येणार असाल तर आधी कळवणे आवश्यक' असे लिहा. हे वाक्य चार ठिकाणी असावे: तुमच्या जाहिरातीत, बुकिंग पक्के केल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, पावतीवर आणि खोलीच्या दारामागे. वाद झाला तर दारामागचा कागद उपयोगी नाही, पैसे देण्याआधी पाठवलेला मजकूर उपयोगी पडतो.

'आम्ही संध्याकाळी सातला आलो, उद्या सातपर्यंत राहू'

पाहुण्यांचा सर्वांत मोठा गैरसमज हा आहे. काही लॉज खरोखरच 24 तासांच्या हिशेबाने खोली देतात, त्यामुळे हा समज अगदीच हवेतला नाही. होमस्टेत मात्र भाडे रात्रीचे असते. पाहुणा दुपारी एकला आला काय किंवा रात्री दहाला आला काय, खोली सोडण्याची वेळ तीच. उशिरा आल्यामुळे गेलेले तास पुढे ढकलले जात नाहीत आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत, कारण ती खोली त्याच्यासाठी दुपारपासून रिकामी ठेवलेली असते.

हे तोंडी समजावत बसण्यापेक्षा बुकिंगच्या निरोपातच तारीख, वार आणि तास लिहा:

'तुमची खोली शनिवारी दुपारी 1 वाजल्यापासून सोमवारी सकाळी 10 वाजेपर्यंत तुमची आहे (दोन रात्री). पोचायला उशीर झाला तरी सोडण्याची वेळ तीच राहील.'

'दोन दिवस' असे कधीही लिहू नका. दोन दिवस म्हणजे एक रात्र की दोन, यावरून भांडणे झालेली आहेत.

'शुक्रवारी रात्री येतोय' म्हणजे नक्की कधी?

इथे थोडे थांबा, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो आणि तो दोघांच्याही लक्षात मध्यरात्रीच येतो.

मुंबई-पुण्याचे लोक शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढतात आणि पहाटे तीन-चारला तुमच्या दारात येतात. त्यांच्या डोक्यात ती शुक्रवारची रात्र असते. बुकिंग मात्र त्यांनी शनिवारचे केलेले असते, कारण पोचतील तेव्हा कॅलेंडरवर शनिवार उजाडलेला असेल. तुमच्या हिशेबाने त्यांची खोली शनिवारी दुपारी एकला सुरू होते आणि त्या पहाटे तिथे दुसरेच कोणी झोपलेले असते. लहान मुले गाडीत पेंगत आहेत, आजोबांना संडासला जायचे आहे, आणि तुम्ही दारात.

रेल्वेने येणाऱ्यांचाही असाच गोंधळ होतो. दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटणाऱ्या तुतारीचे तिकीट शनिवारचे असते, पण माणूस घरून शुक्रवारी निघतो. कोकणकन्या रात्री मुंबई सोडते आणि कुडाळ-सावंतवाडीला सकाळी येते. म्हणजे तुमची खोली मिळायच्या कितीतरी तास आधी पाहुणा स्टेशनवर उतरलेला असतो.

यावर उपाय म्हणजे बुकिंग घेताना निघण्याची वेळ विचारायचीच नाही. विचारायचे ते हे: 'आमच्या दारात कोणत्या वारी, किती वाजता पोचाल? पहाट असेल तर पहाट सांगा.' उत्तर पहाटे दोन ते सकाळी नऊच्या दरम्यानचे आले, तर तिथेच तीन पर्याय द्या:

- आदली रात्रही घ्या. पूर्ण भाड्याने किंवा, खोली तशीही रिकामी असेल तर, अर्ध्या भाड्याने. पहाटे आल्याबरोबर झोपायला मिळेल.
- फ्रेश होण्यापुरती सोय. पडवीत किंवा ओटीवर बसायला जागा, बाहेरचे बाथरूम, सामान ठेवायची खोली, चहा-नाश्ता ठरलेल्या दराने. खोली दुपारी एकलाच.
- वेळ बदला. रात्री घाटात गाडी चालवण्यापेक्षा पहाटे निघून दुपारी पोचा, असे मोकळेपणाने सांगा. पुष्कळजण ऐकतात.

दुसरा पर्याय देता यावा म्हणून घराबाहेर एक स्वच्छ संडास-बाथरूम असणे फार उपयोगाचे आहे. होमस्टेवर खर्च करायला थोडे पैसे असतील, तर एसीच्या आधी हे बांधा, असे माझे मत आहे.

वाट पाहण्याच्या दिवशी

येण्याच्या आदल्या संध्याकाळी एक निरोप आणि त्या दिवशी दुपारी एक फोन, एवढे पुरे. सारखे फोन करून पाहुण्याला भंडावू नका. गाडी चालवणारा तोच असतो. फोनवर 'कुठे पोचलात?' एवढेच विचारले तर 'आलोच' असे उत्तर येते. त्यापेक्षा ठिकाण विचारा: माणगाव गेले का, कशेडी उतरलात का, राजापूर आले का. तिथून तुमच्या घरापर्यंत किती वेळ लागतो हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला चांगले ठाऊक असते.

उशीर होण्याची नेहमीची कारणे आधीच सांगून ठेवलीत, तर निम्मे उशीर टळतात:

- महामार्ग. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या या काळात मुंबई–गोवा महामार्गावर नकाशाने दाखवलेल्या वेळेवर विसंबू नये.
- फेरीबोट. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ या फेऱ्या रात्री बंद होतात. नकाशा तोच जवळचा रस्ता दाखवतो, पाहुणा अंधारात जेटीवर जाऊन उभा राहतो आणि मग खाडीला मोठा वळसा घालून येतो. तुमच्या वाटेवर फेरी असेल तर शेवटच्या फेरीची त्या हंगामातली वेळ जेटीवर विचारून घ्या आणि पाहुण्याला कळवा.
- रेल्वे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी आहे. एक गाडी रखडली की समोरच्या गाड्याही क्रॉसिंगला थांबतात. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, वेळापत्रकच वेगळे असते. पाहुण्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि गाडी कुठे आहे ते तुम्हीच पाहा.
- विमान. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. दक्षिण गोव्यातल्या यजमानाने 'कोणत्या विमानतळावर उतरणार?' हे विचारलेच पाहिजे. मोपाला उतरून काणकोणला यायचे म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा ओलांडायचा.
- रेंज. शेवटच्या टप्प्यात फोन लागत नसेल तर ते आधी सांगा. घराचे लोकेशन पाठवाच, पण सोबत चार ओळीत खुणाही लिहा: ग्रामपंचायतीनंतर डावीकडे, विहीर, चिऱ्याचा गडगा, हिरवे फाटक. आणि फाटकावर रात्री एक दिवा चालू ठेवा.

जेवणाचे वेगळे ठरवा. 'रात्री जेवायला आहात का?' याचे उत्तर दुपारी तीनपर्यंत हवे, कारण मासे त्यानुसार आणायचे असतात. सांगितलेले जेवण खाल्ले नाही तरी त्याचे पैसे लागतील हेही लिहा. रात्री नऊनंतर येणाऱ्यांना पूर्ण ताट देण्याचा हट्ट धरू नका. डाळ-भात, लोणचे, पापड झाकून ठेवलेले असले तरी दमून आलेला माणूस खूश होतो.

रात्री नऊनंतर आले तर

उशिरा येणाऱ्याला आत कसे घ्यायचे, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरते.

घरात दोन-चार माणसे असतील, तर कोणी तरी जागे राहावे आणि त्याचे शुल्क आधी जाहीर केलेले असावे. रात्री अकरानंतर 300 रुपये, असे काहीही ठरवा, पण ते बुकिंगच्या निरोपात असू द्या. रेल्वे किंवा रस्ता बंद पडल्याने उशीर झाला असेल तर हे शुल्क सोडून द्यावे. वाटेत तीन ठिकाणी फोटो काढत आले असतील तर घ्यावे.

खोलीला स्वतंत्र दार असेल, तर नंबरचे कुलूप किंवा चावीची पेटी बसवा आणि झोपा. नंबर पाहुण्याची ओळखपत्रे आणि उरलेले पैसे मिळाल्यावरच पाठवा, आणि दर पाहुण्यानंतर बदला. चावी कुंडीखाली किंवा पायपुसण्याखाली ठेवण्याची पद्धत सोडून द्या. अख्ख्या वाडीला ती जागा माहीत असते.

एकट्या राहणाऱ्या यजमानांनी, विशेषतः बायकांनी आणि वयस्कर जोडप्यांनी, ठरलेल्या वेळेनंतर दार न उघडण्याचा नियम बिनदिक्कत करावा. तो आधी कळवलेला असेल तर त्यात गैर काही नाही. उघडायचेच झाले तर:

- पाहुण्याचे नाव, गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या आधी मागवा. बुकिंग चौघांचे आणि गाडीतून सात उतरले, तर आत घेण्यापूर्वी बोला.
- शेजारच्या एखाद्या घरी सांगून ठेवा, फोन हातात ठेवा. गरज पडली तर 112.
- पाहुणे प्यायलेले किंवा अरेरावी करणारे असतील, तर दार उघडण्याची घाई नको.

उशिरा आले म्हणून ओळखपत्र 'सकाळी बघू' असे करू नका. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करायची ती त्याच रात्री. आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली चालते, तशीच मागा. पाहुण्याचा पासपोर्ट परदेशी असेल, तर त्याची माहिती तो आल्यापासून 24 तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते. पाहुणे तुमच्याच गावचे, अमेरिकेत स्थायिक झालेले जावईबापू असले तरी पासपोर्ट अमेरिकी असेल तर हे करायचेच. आधी खात्याची नोंदणी करून ठेवली नसेल तर मध्यरात्री ते सुचणार नाही. म्हणून आजच करा.

आणि आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 हा रात्रीचा काळ धरला आहे. उशिरा येणाऱ्यांना 'फाटकाशी हॉर्न वाजवू नका, फोन करा, गाण्यांचा आवाज बंद करून या' हे पाठवा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये होमस्टे असेल तर हे जास्तच महत्त्वाचे. वॉचमनला पाहुण्यांचे नाव आधी देऊन ठेवा. गावात एक वेळ शेजारी समजून घेतील, सोसायटीत दुसऱ्याच दिवशी तक्रारीचे पत्र येते.

आलेच नाहीत तर

रात्री फोन लागत नाही, निरोप वाचलेला नाही. लगेच खोली दुसऱ्याला देऊ नका. त्या रात्रीचे पैसे घेतलेले असतील, तर ती खोली सकाळी सोडण्याच्या वेळेपर्यंत त्यांचीच आहे. पुढच्या रात्रींचे काय, हे नियमात आधी लिहिलेले असावे: 'पहिल्या रात्री न आल्यास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत संपर्क न झाल्यास उरलेले बुकिंग रद्द समजले जाईल.' तोवर फोन आणि लेखी निरोप, दोन्ही केल्याची खूण ठेवा.

अपघात, दरड, आजारपण अशी कारणे निघाली, तर पैसे परत देण्याऐवजी सहा महिन्यांत पुन्हा येण्याची मुभा देणे बहुतेकदा दोघांनाही परवडते.

खोली सोडायची वेळ टळली

याची तयारी आदल्या संध्याकाळी होते. जेवणाच्या वेळी सहज विचारा, 'उद्या किती वाजता निघायचे म्हणताय?' मग लगेच लेखी निरोप:

'उद्या सकाळी 10 ला खोली सोडायची आहे. नाश्ता 8 ते 9. दुपारी त्या खोलीत दुसरे पाहुणे येत आहेत. तुमची गाडी संध्याकाळची असेल तर सामान आमच्याकडे ठेवता येईल.'

शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे आहे. पाहुणा बहुतेकदा हट्टाने बसून राहत नाही. त्याची गाडी संध्याकाळी असते आणि मधले सात-आठ तास कुठे काढायचे हे त्याला कळत नसते. ते तास तुम्ही भरून द्या. सामान ठेवून घ्या, बाहेरचे बाथरूम वापरू द्या आणि जाण्याच्या वाटेवरचे काहीतरी सुचवा. मालवणहून कुडाळ स्टेशनला जाणाऱ्याला वाटेत धामापूरचा तलाव आहे, कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथीचे संग्रहालय आहे. रिक्षावाल्याचा नंबर दिलात तर पाहुणा नाश्ता झाल्यावर आपणहून निघतो.

सकाळी बिल आधी द्या, वेळ संपल्यावर नाही. साडेनऊला बिल हातात पडले, की निघण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

तरीही थांबायचे म्हणाले तर पुन्हा तोच प्रश्न: खोलीत आज कोणी येणार आहे का?

येणार असेल तर नम्रपणे नाही म्हणा. कारण द्या, माफी मागू नका. 'एकला दुसरे कुटुंब येतेय, मावशींना खोली आवरायची आहे; तुम्ही ओटीवर आरामात बसा, चहा पाठवते.' खोलीतून बाहेर, पण घरातून नाही, ही त्यातली युक्ती.

येणार नसेल तर दर आधी ठरवलेला असू द्या. भाडे रात्रीला 2,400 रुपये असेल, तर असे काहीतरी:

- बारापर्यंत: काही नाही
- दोनपर्यंत: 400 रुपये
- संध्याकाळी सहापर्यंत: अर्धे भाडे, 1,200 रुपये
- त्यानंतर: एका रात्रीचे पूर्ण भाडे

तास-दोन तासांची मोकळीक फुकट द्यायला हरकत नाही. रिकाम्या खोलीवर शंभर-दोनशे रुपये उकळून मिळते त्यापेक्षा जाते जास्त. पण ती देताना 'आज खोली रिकामी आहे म्हणून' हे शब्द वापरा, नाहीतर पुढच्या खेपेला तो तुमचा नियमच समजला जाईल. आधी न सांगितलेले शुल्क मात्र निघताना बिलात घालू नका. ते वसूलही होत नाही आणि नावही जाते. जे घ्याल त्याची पावती द्या. मागूनही बिल न देणे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडते.

ऐकतच नसतील तर तुमचे हक्क

असे क्वचितच होते, पण होते. अल्प मुक्कामाचा पाहुणा तुमचा भाडेकरू नसतो. त्याला ठरलेल्या काळापुरती राहण्याची परवानगी असते. 1882 च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये तिला लायसन्स म्हटले आहे. काळ संपला की परवानगी संपते, आणि सामान घेऊन निघायला पुरेसा वेळ देणे एवढेच तुमच्याकडे उरते. म्हणून:

1. लेखी निरोप पाठवा: परवानगी कधी संपली, किती वाजेपर्यंत निघायचे, त्यानंतर काय आकार लागेल.
2. घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन बोला. एकट्याने वाद घालू नका.
3. तरीही न हलल्यास पोलीस ठाण्याला किंवा 112 ला कळवा. बुकिंगचा निरोप, पैशाची नोंद आणि ओळखपत्र तयार ठेवा.

काय करायचे नाही, हे त्याहून महत्त्वाचे. वीज-पाणी तोडू नका. पाहुणा बाहेर गेला असताना कुलूप बदलून सामान बाहेर काढू नका. बिलासाठी सामान, गाडीची चावी किंवा ओळखपत्र अडवू नका. माणसाला अडवणे आणि कोंडून ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हे आहेत. फाटक लावून 'पैसे द्या आणि मग जा' म्हणालात तर पोलिसांपुढे तुम्हीच उत्तर देत बसाल. बुडालेले पाच-सातशे रुपये त्यापेक्षा स्वस्त.

महिना-दोन महिने राहायला मागणाऱ्यांचे प्रकरण वेगळे. घरून काम करणारे लोक असे मुक्काम मागतात आणि ऑफ-सीझनला ते सोयीचेही असते. पण तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तसा नसेल तर वादात राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. वकिलाचा सल्ला घ्या आणि मगच चावी द्या.

बुकिंग अ‍ॅपवरून आलेले असेल तर

- सगळे बोलणे अ‍ॅपच्याच निरोपात करा. फोनवर ठरले तरी 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी अ‍ॅपवर टाका. वाद झाला तर कंपनी तेवढेच पाहते.
- उशिरा निघण्याचे पैसे रोख न घेता अ‍ॅपमधूनच मागा. एअरबीएनबीवर पाहुण्याकडे जादा पैसे मागण्याची सोय आहे. नुकसानीचा दावा पाहुणा निघाल्यापासून 14 दिवसांत करावा लागतो. त्यासाठी पुढचा पाहुणा येण्यापूर्वी खोलीचे फोटो काढून ठेवा.
- पाहुणा आला नाही किंवा फार उशीर करतोय म्हणून बुकिंग तुम्ही स्वतः रद्द करू नका. ते यजमानाने रद्द केले असे धरले जाते आणि दंड तुमच्या माथी येऊ शकतो. आधी कंपनीच्या मदत विभागाला कळवा.
- कोण किती वाजता आले-गेले हे पाहायला कॅमेरा लावायचा तर तो घराबाहेर, फाटकाकडे तोंड करून, आणि जाहिरातीत सांगून. घरातले कॅमेरे एअरबीएनबीने 30 एप्रिल 2024 पासून पूर्ण बंद केले आहेत. अ‍ॅपवर नसलात तरी घरात कॅमेरा नकोच.

पहाटे निघणारे

सगळेच उशिरा निघत नाहीत. कोणी पहाटे चारला निघून दुपारच्या आत पुणे गाठतात. त्यांचा हिशेब आदल्या रात्री मिटवा, चावी कुठे ठेवायची ते सांगा आणि नाश्त्याऐवजी पोळी-भाजी बांधून द्या. ठरल्यापेक्षा एक रात्र आधी निघाले, तर पैसे परत करायचे की नाही हे तुमच्या रद्द करण्याच्या नियमात लिहिलेले असावे. खोली त्या रात्री दुसऱ्याला देता आली तर अर्धे परत द्यावे, असे मी सुचवेन.

पाहुण्याचेही काही हक्क

वेळेची शिस्त दोन्हीकडून पाळायची असते. एकला खोली देतो म्हटले आणि अडीचला दिली, तर पाहुण्याला त्या वेळेचा मोबदला मागता येतो. तो सशुल्क सेवा घेतोय. ठरलेली सेवा मिळाली नाही तर तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करू शकतो आणि दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकतो. खोली तयार नसेल तर लपवाछपवी न करता किती वेळ लागेल ते सांगा, सोलकढी किंवा सरबत द्या, आणि उशीर तासाच्या वर गेला तर जेवणाच्या बिलात आपणहून सूट द्या. आदल्या पाहुण्याला तुम्ही दिलेली सवलत ही या पाहुण्याची अडचण नाही; ती त्याला कारण म्हणून सांगू नका.

पुढचे बुकिंग घेण्याआधी या लेखातले दोन निरोप तुमच्या वेळा आणि दर घालून फोनमध्ये जपून ठेवा, आणि घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असू द्या. तुम्ही 'दहा' सांगता आणि सासूबाई 'असू द्या हो, बारापर्यंत थांबा' म्हणतात, तोवर कोणताही नियम टिकणार नाही.